बाकांच्या भाड्यावरून फुटलेली मंडळी: फ्री मेथडिस्ट चर्चचा उगम

प्रश्न असा आहे: मेथडिस्ट आणि फ्री मेथडिस्ट या दोन प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथांची शिकवण जवळजवळ सारखीच दिसते, मग ही दोन चर्चं वेगळी का झाली? आणि फ्री मेथडिस्टांना जुन्या वळणाचे, कर्मठ असं म्हटलं जातं ते कितपत बरोबर?

चर्चचा इतिहास बरीच वर्षं शिकवत आल्यामुळे याचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: 'पवित्रीकरणाच्या शिकवणीवरून फूट पडली.' (पवित्रीकरण म्हणजे देवाच्या कृपेनं माणसाचं मन पापापासून शुद्ध होणं.) हे अर्धंच खरं आहे. पवित्रीकरण त्या वादात होतंच, पण भांडण पेटलं ते पैशावरून, चर्चमध्ये कोणी कुठे बसायचं यावरून आणि कॉन्फरन्समध्ये कोणाचा शब्द चालतो यावरून. हे बाजूला ठेवलं तर पुढची हकालपट्टी कळत नाही आणि या चर्चचे कडक नियमही कळत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉन वेस्ली यांची मेथडिस्ट चळवळ अठराव्या शतकात इंग्लंडच्या खाणमजुरांत आणि विणकरांत वाढली. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी 1784 च्या नाताळात बॉल्टिमोरला जमून मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन केलं. घोड्यावर बसून गावोगाव फिरणारे उपदेशक, साधे कपडे, दर आठवड्याची क्लास मीटिंग (एकमेकांच्या श्रद्धेची विचारपूस करणारी छोट्या गटाची बैठक), दारूला आणि गुलामीला विरोध असा त्यांचा थाट. साठ-सत्तर वर्षांत हेच चर्च अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या चर्चमध्ये गणलं जाऊ लागलं. संख्या आली, पाठोपाठ प्रतिष्ठा आली आणि प्रतिष्ठेबरोबर खर्चही आला.

आपली गोष्ट घडते न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, जेनेसी कॉन्फरन्समध्ये. कॉन्फरन्स म्हणजे एका प्रदेशातल्या सगळ्या पाळकांची वार्षिक सभा. नेमणुका तिथेच होतात आणि पाळकांवरचे खटलेही तिथेच चालतात. 1825 मध्ये एरी कालवा पूर्ण झाला आणि बफेलो, रॉचेस्टर, ब्रॉकपोर्ट, ऑल्बियन ही कालव्याकाठची गावं बघता बघता गबर झाली. व्यापारी चर्चला येऊ लागले. लाकडी प्रार्थनाघरांच्या जागी विटांच्या मोठ्या इमारती आल्या, आणि इमारतींबरोबर कर्ज आलं.

कर्ज फेडायचा सोपा मार्ग म्हणजे बाक विकणं किंवा भाड्यानं देणं. पुढचा बाक सगळ्यात महाग. लिलाव व्हायचा आणि जास्त बोली लावणाऱ्याला तो मिळायचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं मागे किंवा वरच्या सज्ज्यात बसायचं. देवस्थानांतली पैसे भरून होणारी दर्शनाची वेगळी रांग आठवा, म्हणजे यातली टोचणी लगेच लक्षात येईल. मेथडिस्टांचा जुना नियम याच्या अगदी उलट होता: प्रार्थनाघर साधं असावं आणि त्यात जागा मोफत असाव्यात. 1852 च्या जनरल कॉन्फरन्सनं, म्हणजे सगळ्या चर्चच्या सर्वोच्च सभेनं, त्यात 'जमेल तिथे' अशी पुस्ती जोडली. नियम कागदावर तसाच राहिला, पण त्यातला जीव गेला. संस्थेचे नियम कसे मरतात हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

आता बेंजामिन टायटस रॉबर्ट्स यांच्याकडे येऊ. जन्म 1823, न्यूयॉर्क राज्यातच. वकिलीचा अभ्यास चालू असताना 1844 मध्ये त्यांचं मनपरिवर्तन झालं, कायदा सोडून ते वेस्लियन विद्यापीठात शिकले आणि 1848 मध्ये जेनेसी कॉन्फरन्समध्ये पाळक म्हणून दाखल झाले. पुढच्या वर्षी एलेन स्टो यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या बरोबरीनं या बाईंनी सगळं सोसलं, आणि त्यांच्या रोजनिशी-पत्रांमुळे आपल्याला त्या काळातलं बरंच काही कळतं. 1852 मध्ये रॉबर्ट्स यांची नेमणूक बफेलोच्या नायगारा स्ट्रीट चर्चमध्ये झाली. या चर्चवर कर्जाचा डोंगर होता आणि बाक भाड्यानं दिले जात. रॉबर्ट्स यांचं म्हणणं सरळ होतं: बाक मोकळे करा, गरिबांना येऊ द्या. ते कोणी मानलं नाही. पुढे ती इमारत मेथडिस्टांच्या हातून गेली आणि एका यहुदी मंडळीनं ती घेतली. रॉबर्ट्स यांच्या बाजूचे लोक हे फार चवीनं सांगत.

दुसरा काटा होता गुप्त मंडळांचा: फ्रीमेसन आणि ऑड फेलोज. आज आपल्याला यात भांडण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडेल. पण हा तोच मुलूख, जिथे 1826 मध्ये बॅटेव्हियाचा विल्यम मॉर्गन मेसन मंडळाची गुपितं छापणार म्हणून पळवला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. त्यावरून देशभर गहजब झाला, मेसनविरोधी राजकीय पक्षसुद्धा निघाला. पंचवीस-तीस वर्षांनी त्याच मुलखातले मेथडिस्ट पाळक या मंडळांचे सभासद होऊ लागले. ज्या सभेत आपल्या नेमणुका ठरतात तिथल्या मतांमागे भलतीच शपथ आहे, असा संशय बाकीच्यांना येणं स्वाभाविक होतं.

दोन तट पडले आणि दोघांनी एकमेकांना नावं ठेवली. सत्ताधारी गट म्हणजे 'बफेलो रीजन्सी'. हे नाव न्यूयॉर्कच्या राजकारणातल्या 'ऑल्बनी रीजन्सी' या टोळक्यावरून उचललेलं, म्हणजे शिवीच. दुसऱ्या गटाला म्हणत 'नाझरी', बायबलमधल्या व्रतस्थ नाझीरांवरून. या नावाला जोसेफ मॅक्रीरी या पाळकाची करामत कारणीभूत होती. जुन्या वळणावर परत जाण्याची शपथ घेणाऱ्या एका 'नाझरी संघा'चे कागद त्यानं फिरवले. तो संघ प्रत्यक्षात कधी उभाच राहिला नाही, पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

फ्री मेथडिस्टांचा इतिहास बहुतेक फ्री मेथडिस्टांनीच लिहिला, त्यामुळे त्यात रीजन्सीचे लोक ठार खलनायक होतात. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. नाझरी सभांत ओरडणं, रडणं, जमिनीवर पडणं चाले. काही उपदेशक आपल्याच सहकाऱ्यांना 'अजून तारण न झालेले' ठरवून मोकळे होत. पाळक सभेत बसला असताना त्याच्याच मंडळीतली माणसं त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करू लागली, तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. शिस्त मोडतेय ही तक्रार खोटी नव्हती. तिच्यावर जो इलाज केला गेला तो मात्र लबाडीचा होता.

1857 मध्ये रॉबर्ट्स यांनी 'नॉर्दर्न इंडिपेंडंट' या नियतकालिकात 'न्यू स्कूल मेथडिझम' हा लेख लिहिला. सगळं महाभारत यावरून झालं, म्हणून तो थोडा जवळून बघू. भाषा शांत आहे, वकिली वळणाची आहे. नव्या पंथाचे पाळक धर्म म्हणजे भक्ती असं न मानता धर्म म्हणजे परोपकार असं मांडतात, हा पहिला मुद्दा. पापांची क्षमा आणि पवित्रीकरण यांना ते एकच मानतात, हा दुसरा. मग नेम वर्मावर लागतो. क्लास मीटिंग आणि प्रीतिभोजन यांची जागा आता लॉजनं, म्हणजे गुप्त मंडळाच्या शाखेनं, घेतली आहे, आणि पैसा लागला की हे लोक बाकांचा लिलाव करतात, सहली काढतात, कालवांच्या (म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांच्या) मेजवान्या देतात, जत्रा भरवतात, सोडती काढतात. या यादीतला प्रत्येक प्रकार वाचणाऱ्यांनी आपल्याच चर्चच्या आवारात पाहिलेला होता. कालवांच्या मेजवानीला तिकीट असायचं. ते ज्याला परवडत नाही तो बाहेर.

त्याच वर्षी लरॉय गावी कॉन्फरन्स भरली. लेखातल्या माहितीचा खरेखोटेपणा तपासायचा सोडून रॉबर्ट्स यांच्यावर 'अनैतिक व ख्रिस्ती माणसाला न शोभणाऱ्या वर्तना'चा आरोप ठेवला गेला. आरोपपत्रात त्यांची वाक्यं अशी फिरवून मांडली होती की ती मूळ लेखात शोधूनही सापडू नयेत. मी असं लिहिलेलंच नाही, असं ते सांगत राहिले. ते बहुमतानं दोषी ठरले. शिक्षा काय, तर बिशपांनी खुर्चीवरून समज द्यायची. आणि मग याच 'अनैतिक' माणसाला लगेच न्यूयॉर्क राज्यातल्याच पेकिन गावच्या मंडळीवर पाळक म्हणून नेमलं गेलं! आरोप खरा असेल तर ही नेमणूक भयंकर होती, आणि खोटा असेल तर शिक्षा.

गोष्ट कदाचित इथेच थांबली असती. पण जॉर्ज एस्टेस नावाच्या एका सामान्य सभासदानं तो लेख आणि खटल्याची हकिकत एकत्र करून पुस्तिका छापली. 1858 मध्ये पेरी गावच्या कॉन्फरन्समध्ये रॉबर्ट्स यांच्यावर नवा आरोप आला: ही पुस्तिका तुम्ही पसरवली. आपण ती स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या जबाबदारीवर काढली असं एस्टेस सांगत होता. त्याच्यावर काहीच कारवाई झाली नाही. रॉबर्ट्स यांना मात्र पाळकपदावरूनच काय, चर्चच्या सभासदत्वावरूनही काढून टाकण्यात आलं. त्यांच्याबरोबर मॅक्रीरीही गेला. पुस्तिका लिहिणारा मोकळा आणि पुस्तिकेचा विषय असलेला माणूस हद्दपार, असा तो न्याय.

यानंतर सामान्य सभासद पुढे सरसावले आणि मला या सगळ्यात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर 1858 मध्ये ऑल्बियनला सामान्य सभासदांनी स्वतःचं अधिवेशन भरवलं. शेतकरी, दुकानदार, कारागीर असे सुमारे दोनशे जण. कॉन्फरन्समध्ये त्यांना मत नव्हतं. तिथे फक्त पाळक बसत. त्यांच्या हाती एकच हत्यार होतं, आणि त्यांनी ते उपसलं: काढून टाकलेल्या पाळकांवर आमचा विश्वास आहे असा ठराव केला आणि रीजन्सीच्या पाळकांना पैसा द्यायचा नाही असं ठरवलं. पुढच्याच वर्षी ब्रॉकपोर्टच्या कॉन्फरन्सनं आणखी चार पाळकांना काढलं. लॉरेन स्टाइल्स त्यांपैकी एक. काढलेल्या लोकांशी संबंध ठेवला हाच त्यांचा मुख्य गुन्हा. स्टाइल्स यांच्या ऑल्बियनच्या मंडळीतले बहुसंख्य लोक त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि त्यांनी नवं प्रार्थनाघर बांधलं, बाक मोकळे ठेवून.

रॉबर्ट्स यांना नवं चर्च काढायची घाई नव्हती. ते अपिलाची वाट बघत होते. मे 1860 मध्ये जनरल कॉन्फरन्स बफेलोलाच भरली, म्हणजे रीजन्सीच्या अंगणात. हकालपट्टीविरुद्धचं अपील तिनं ऐकूनच घेतलं नाही. कारण काय दिलं, तर काढल्यावर हा माणूस पुन्हा नवख्यासारखा उमेदवारीचा, म्हणजे चाचणीवरचा, सभासद झाला आणि उपदेशही करत राहिला, म्हणजे त्यानं निकाल मानला आणि मोडलाही. त्याच अधिवेशनानं गुलामगिरीवर नवा मजकूर संमत केला. गुलाम बाळगणं अयोग्य आहे एवढा उपदेश त्यात होता, पण गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाकारायचं धाडस काही झालं नाही. यादवी युद्ध वर्षभरावर आलेलं असताना ही अवस्था. रॉबर्ट्स यांच्या माणसांसाठी दोन्ही दारं एकाच महिन्यात बंद झाली.

23 ऑगस्ट 1860 रोजी पेकिनला, चेसब्रो नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत, झाडांखाली सभा भरली. पंधरा उपदेशक आणि पंचेचाळीस सामान्य सभासद, एकूण साठ. इथेही एकमत नव्हतं. अजून वेळ आलेली नाही असं म्हणणारे होते, आणि खुद्द मॅक्रीरी त्यांच्यात होता! उलट इलिनॉयहून आलेले डॉ. जॉन वेस्ली रेडफील्ड म्हणाले की फळ पिकलं की तोडावं, खाली पडलं तर डागाळतं, आणि पश्चिमेकडचे आम्ही तरी तयार आहोत. मत घेतलं आणि फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन झालं. रॉबर्ट्स जनरल सुपरिंटेंडंट म्हणून निवडले गेले. बिशप हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. बिशपच्या खुर्चीतून आलेली समज ते विसरले नसावेत. (पुढच्या पिढीनं तो शब्द परत आणला.) पहिली जनरल कॉन्फरन्स 1862 मध्ये इलिनॉयमधल्या सेंट चार्ल्स गावी झाली.

नव्या चर्चची नियमावली वाचताना हा सगळा इतिहास समोर ठेवावा लागतो. धर्मश्रद्धेची कलमं जवळपास जुनीच, संपूर्ण पवित्रीकरणावरचं आणि मरणोत्तर बक्षीस-शिक्षेवरचं अशी दोन कलमं तेवढी नवीन घातलेली. खरा बदल कारभारात होता. चर्चमधल्या सगळ्या जागा मोफत. माणसाला गुलाम म्हणून विकत घेणारा, विकणारा वा बाळगणारा सभासद होऊ शकत नाही. गुप्त मंडळाचा सभासद चालणार नाही. आणि कॉन्फरन्समध्ये पाळकांच्या बरोबरीनं तितकेच सामान्य सभासद बसणार. मूळ मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चनं आपल्या जनरल कॉन्फरन्समध्ये सामान्य प्रतिनिधी घेतले ते 1872 मध्ये. ऑल्बियनच्या त्या दोनशे जणांची तक्रार इथे नियम झाली.

उरले साधेपणाचे नियम, ज्यांच्यामुळे 'कर्मठ' हा शिक्का बसला: सोनं-मोती नाही, भारी कपडे नाहीत, तंबाखू नाही, चर्चमध्ये वाद्य नाही आणि पगारी गायकवृंद नाही. आज हे सोवळेपण वाटतं. पण याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत येतो, त्याला चांगली जागा मिळते, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला सांगितलं जातं की तू तिथे उभा राहा. बफेलोच्या बाकांबद्दल यापेक्षा नेमकं काही लिहिता येणार नाही. सगळेच साधे कपडे घालून आले तर फाटक्या कपड्यांचा माणूस उंबऱ्यावर घुटमळत नाही. ऑर्गन विकत घ्यायचा नाही म्हटलं की त्यासाठी बाक विकावे लागत नाहीत. रॉबर्ट्स यांनी जानेवारी 1860 मध्ये 'द अर्नेस्ट ख्रिश्चन' हे मासिक सुरू केलं, त्यात मोफत जागांच्या चर्चबद्दल त्यांचा आधार हाच होता: गरिबांना सुवार्ता सांगितली जाते ही येशूनं स्वतः दिलेली खूण आहे.

म्हणून 'कर्मठ' या शब्दाला माझा थोडा आक्षेप आहे. वागणुकीत हे लोक जुने होते, समाजकारणात काळाच्या पुढे. 1870 च्या दशकात रॉबर्ट्स रेल्वे कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध न्यूयॉर्कच्या शेतकऱ्यांची संघटना बांधत होते. 1891 मध्ये त्यांनी स्त्रियांना पाळकदीक्षा द्यावी असं सांगणारं पुस्तक लिहिलं, कारण आदल्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या जनरल कॉन्फरन्सनं तो प्रस्ताव फेटाळला होता. आपल्याच माणसांकडून हरलेले रॉबर्ट्स 1893 मध्ये वारले. स्त्रियांना तिथे पूर्ण दीक्षा मिळायला 1974 उजाडलं. जेनेसी कॉन्फरन्सनं मात्र 1910 मध्ये त्यांच्या मुलाला बोलावून वडिलांची पाळकपदाची कागदपत्रं परत केली आणि अन्याय झाल्याचं कबूल केलं.

आपल्याकडचा धागा विदर्भातून येतो. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट दाम्पत्य 1881 मध्ये हिंदुस्थानात आलं आणि सुरुवातीला बुऱ्हाणपूरला राहिलं. पुढे या मिशनचं मुख्य ठाणं यवतमाळला झालं. जिल्ह्यातल्या उमरीचा दवाखाना त्याच कामातून उभा राहिला. 1953 मध्ये अनेक मिशनांनी मिळून यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू केली, ती 1983 मध्ये पुण्याला बिबवेवाडीला हलली. तिथे शिकलेले पाळक आज सगळ्या पंथांत आहेत, त्यामुळे मराठी मंडळींत फ्री मेथडिस्ट आणि बाकीचे यांच्यातली भिंत तशी पातळच आहे. मुंबईतली बहुतेक जुनी मेथडिस्ट चर्चं मात्र मूळ मेथडिस्ट एपिस्कोपल शाखेची, म्हणजे ज्या चर्चनं रॉबर्ट्स यांना काढलं त्याची लेकरं. 1981 पासून ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या स्वायत्त चर्चमध्ये आहेत. 2022 मध्ये अमेरिकेत ग्लोबल मेथडिस्ट चर्च निघालं त्याचा आणि या फुटीचा गोंधळ करू नका. ते युनायटेड मेथडिस्टांमधून, समलिंगी विवाह आणि दीक्षेच्या वादातून निघालं आहे.

कडकपणा किती उरलाय हा प्रश्नाचा शेवटचा भाग. 1943 मध्ये फ्री मेथडिस्टांच्या जनरल कॉन्फरन्सनं चर्चमध्ये ऑर्गन किंवा पियानो चालेल का हे प्रत्येक कॉन्फरन्सनं ठरवावं अशी मोकळीक दिली. कपड्यांचे नियम हळूहळू सैल झाले. ते ज्यांना पटलं नाही अशा काही मंडळ्यांनी 1963 मध्ये फ्री मेथडिस्टही सोडलं आणि इव्हँजेलिकल वेस्लियन चर्च काढलं. म्हणजे अमेरिकेतलं आजचं खरोखर कर्मठ मेथडिस्ट चर्च बघायचं असेल तर ते तिथे, किंवा ॲलेगेनी वेस्लियनसारख्या छोट्या संघटनांत बघा. फ्री मेथडिस्ट आता मधल्या फळीत आहेत: गुप्त मंडळांना अजून मज्जाव, पवित्रीकरणाची शिकवण कायम, स्त्रिया पाळक आहेत आणि व्यासपीठावर गिटार-ड्रमही.